गुरुवारच्या स्लाइड

"न्यूक्लिअस निळा नाहीये गं. बघ तूच."

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. पित्ताशयाची साधी स्लाइड होती, रोज दोन-चार येतात तशी. सेक्शनला, म्हणजे काचेवरच्या पातळ कापाला, सुरकुती नव्हती, चिरा नव्हत्या, पेशी जागच्या जागी होत्या. पण जिथे स्वच्छ निळी-जांभळी केंद्रकं दिसायला हवीत तिथे आमसुलाच्या पाण्याचा रंग होता. तांबूस आणि मळकट. क्रोमॅटिनची, म्हणजे केंद्रकातल्या डीएनएच्या धाग्यांची, जाळी कुठे सुरू होते, कुठे संपते, काही कळत नव्हतं. पुढची स्लाइड लावली, तीही तशीच. त्यानंतरची पण.

हे मे 2023 मधलं. कर्वे रस्त्याच्या मागच्या बाजूला एका छोट्या खासगी लॅबमध्ये मी हिस्टोपॅथॉलॉजीचं, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या स्लाइड बनवायचं, काम बघते. आम्ही तिघं. मी, उभं आयुष्य मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, घालवलेले काका आणि काचसामान धुणाऱ्या मावशी. मॅडम पॅथॉलॉजिस्ट. आमच्या हातून गेलेल्या स्लाइडवर त्या सही करतात, आणि त्या सहीवर कुणाचं तरी ऑपरेशन किंवा केमो ठरते. म्हणून "रंग जरा तांबूस आलाय" हे वाक्य आमच्याकडे साधं नसतं.

ज्यांना या कामाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग अल्कोहोलमध्ये त्याचं पाणी काढलं जातं, झायलीनमधून तो मेणात जातो आणि मेणाचा ब्लॉक बनतो. मायक्रोटोमवर त्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकं रंगवतं, इओसिन बाकीचं गुलाबी करतं. हिमॅटॉक्सिलिन लॉगवूड नावाच्या मध्य अमेरिकेतल्या झाडाच्या लाकडातून येतं. नुसतं ते काही रंगवत नाही. आधी त्याचं ऑक्सिडेशन होऊन हिमॅटीन बनावं लागतं आणि मग ते ऊतीला धरून राहावं म्हणून सोबत तुरटी लागते. कापडाला रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी वापरतात, तीच ही युक्ती. आम्ही हॅरिसचं हिमॅटॉक्सिलिन लॅबमध्येच करतो. लिटरमागे पाच ग्रॅम पावडर आणि शंभर ग्रॅम तुरटी. मूळ कृतीत मर्क्युरिक ऑक्साइड असे, आता विषारी पारा टाळायला सोडियम आयोडेट घालतात.

साहजिकच पहिला संशय हिमॅटॉक्सिलिनवर गेला. जुनं झालं असेल, वर साय धरली असेल. रोज सकाळी गाळायचंच असतं, त्या दिवशी दोनदा गाळलं. मग थेंबाची परीक्षा केली. बीकरभर पाण्यात हिमॅटॉक्सिलिनचा थेंब सोडायचा. लगेच निळा-जांभळा झाला तर जिवंत, लालसर-तपकिरी राहिला तर संपलं. आमचा थेंब लालच राहिला. म्हणजे संपलंच. अख्खी बॅच, दोन लिटर, टाकून दिली आणि रविवारी येऊन नवी केली. सोमवारी नव्या बॅचचा थेंब सोडला. तोही लाल.

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. ताज्या, नुकत्या पिकवलेल्या हिमॅटॉक्सिलिनचा थेंब लाल राहतोय म्हणजे परीक्षाच चुकतेय, हे डोक्यात यायला हवं होतं. ते आलं नाही. वाटलं पावडर खराब आली, दुसरी मागवली. काकांना जादा रंग धुऊन काढणाऱ्या ॲसिड अल्कोहोलचा संशय होता, म्हणून तेही नव्यानं केलं. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये एक टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिड. शिवाय हिमॅटॉक्सिलिनमधला वेळ सहा मिनिटांवरून दहा केला. त्यानं रंग गडद झाला, निळा नाही झाला. एका आठवड्यात आम्ही तीन गोष्टी बदलल्या होत्या. काही सुधारलं असतं तरी कशामुळे, ते सांगता आलं नसतं.

जूनच्या पहिल्या सोमवारी सासवडकडच्या एका बाईंची स्तनाची कोअर बायोप्सी आली. सुईनं काढलेले चार धागे, शेवयांइतके बारीक. अशा बायोप्सीत कॅन्सर आहे का, आणि असला तर त्याची ग्रेड काय, हे ठरवायचं असतं. ग्रेडचे निकष तीन: पेशी नळ्या किती बनवतात, केंद्रकं किती बेढब आहेत, आणि विभाजन होत असलेल्या पेशी, म्हणजे मायटोसिस, किती दिसतात. तीनपैकी दोन सरळसरळ केंद्रकांवर. मॅडमनी स्लाइड पाहिली आणि बाजूला ठेवून दिली. "कॅन्सर आहे हे दिसतंय. पण यातली मायटोसिस कुठली आणि आकसून काळवंडलेली मेलेली पेशी कुठली हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मी यावर सही करणार नाही."

बाईंचे मिस्टर बुधवारी एसटीनं रिपोर्ट न्यायला आले. पालख्या पुढच्या आठवड्यात पुण्यात यायच्या होत्या, त्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं असं त्यांच्या मनात होतं. मी काउंटरवर जाऊन सांगितलं, "अजून एक दिवस लागेल." ते "बरं ताई" म्हणाले आणि बाकड्यावर बसूनच राहिले. बहुतेक त्यांना वाटलं, एक दिवस म्हणजे थोडा वेळ. मला पुन्हा जाऊन सांगावं लागलं.

त्या संध्याकाळी मी मॅडमची वही घेऊन बसले. प्रत्येक दिवसाच्या स्लाइडवर त्या एका ओळीचा शेरा लिहितात. सगळीकडे 'न्यूक्लिअस तांबूस', 'न्यूक्लिअस धूसर', 'पुन्हा तेच'. मध्येच एका दिवशी 'स्टेन चांगला'. आणखी पुढे पुन्हा एकदा 'स्टेन चांगला', आणि आणखी एकदा. 18 मे, 25 मे, 1 जून. भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. तिन्ही गुरुवार.

गुरुवारी आमच्याकडे वेगळं काय होतं? पुण्यात राहणाऱ्याला हे विचारायलाच नको. त्या उन्हाळ्यात खडकवासला साखळीतल्या धरणांतलं पाणी पुरवून वापरायचं म्हणून महापालिकेनं 18 मेपासून दर गुरुवारी पाणी बंद ठेवलं होतं. त्या दिवशी मावशी गच्चीवरच्या टाकीतून बोअरचं पाणी बादल्यांनी आणून सिंकपाशी ठेवत. आणि इतर दिवशी? इतर दिवशी सिंकला आरओचं पाणी. मेच्या सुरुवातीलाच मालकांनी ते मशीन बसवलं होतं, आमच्याच तक्रारीवरून. अधूनमधून वापरायला लागणाऱ्या बोअरच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग पडायचे, जारच्या काठाला खरवड धरायची. मशीनची जोडणी थेट महापालिकेच्या नळाला होती, त्यामुळे गुरुवारी ते बंद.

म्हणजे शुद्ध पाण्यात रंग बिघडत होता आणि बोअरच्या पाण्यात साधत होता.

कारण कळायला आता वेळ लागला नाही, ते पाठ्यपुस्तकात शिकलेलंच होतं. तुरटीबरोबर बांधलेलं हिमॅटीन आम्लात लाल असतं आणि किंचित अल्कलीत निळं होतं. हिमॅटॉक्सिलिनचं द्रावण आम्ल, त्यानंतरचं ॲसिड अल्कोहोलही आम्ल. म्हणून मग स्लाइड वाहत्या नळाखाली धरायची, याला आम्ही ब्लूइंग म्हणतो. आजवर ते निळं व्हायचं ते नळाच्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे. आरओ मशीननं क्षारांसोबत तेही काढून टाकलं होतं. उरलं ते जवळजवळ क्षारहीन पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल झालेलं. आणि आमची थेंबाची परीक्षा? बीकर त्याच सिंकवर भरला होता. चांगलं हिमॅटॉक्सिलिन आम्ही त्या पाण्याच्या साक्षीवर ओतून दिलं.

मी हे सांगत होते तेव्हा मावशी बाटल्या विसळत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, तसंच ना?" अगदी तसंच. फक्त इथे साबणाचं काम पाण्यातला क्षार करतो आणि लालाचं निळं होतं.

तरी काकांनी अडवलं. "अगं, आत्तापर्यंत तीनदा आपल्याला 'सापडलं' होतं. आता हे सिद्ध करून दाखव." त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. मी धनकवडीहून येताना आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या महापालिकेच्या पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालून आणल्या. आरओचं पाणी कॅनमध्ये साठवलेलं होतं. काकांनी अपेंडिक्सचा एक ब्लॉक काढला. रंगाची परीक्षा घ्यायला अपेंडिक्ससारखं दुसरं काही नाही. एकाच गोल चकतीत ग्रंथी, लिम्फॉइड पेशींचे दाट गोळे, स्नायू, तंतू आणि रक्तवाहिन्या सगळं मिळतं. चार मायक्रॉनचे चार सेक्शन एकाच रिबनमधून, म्हणजे सलग निघालेल्या पापुद्र्यांच्या पट्टीतून. एकच हिमॅटॉक्सिलिन, सगळ्यांना सहा मिनिटं. ॲसिड अल्कोहोलमध्ये सगळ्यांची एकच बुडी. बदलायचं ते फक्त पुढचं पाणी.

आरओच्या पाण्यातला सेक्शन दहा मिनिटांनंतरही तांबूसच. घरून आणलेल्या पाण्यात पाचेक मिनिटांत निळसर झाला. बोअरच्या पाण्यात दोन मिनिटांच्या आत. चौथ्या जारमध्ये तेच आरओचं पाणी होतं, फक्त चिमूटभर खायचा सोडा घातलेला, त्यात तर डोळ्यांदेखत निळा झाला. चारही स्लाइड ओळीनं पांढऱ्या कागदावर ठेवल्या. मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "त्या बाईंची स्लाइड आण."

कोअर बायोप्सीचा ब्लॉक पुन्हा कापायचा मोह होता, पण त्यात टिश्यू फार उरला नव्हता, आणि ईआर, पीआर, हर-टू या उपचार ठरवणाऱ्या तपासण्यांसाठी तो राखायलाच हवा होता. त्याची गरजही नव्हती. रंग गेला नव्हता, फक्त अर्ध्या वाटेवर अडकला होता. मॅडमनी बाजूला ठेवलेली स्लाइड मी बुधवारी रात्रीच झायलीनमध्ये ठेवली होती, नाहीतर पुन्हा रंगवू म्हणून. सकाळी कव्हरस्लिप आपसूक सरकली. ती ओढून काढायची नसते. कव्हरस्लिप चिकटवणारं डीपीएक्स पूर्ण सुटलं नसेल तर काचेबरोबर टिश्यूही येतो. मग उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत आणली आणि ब्लूइंगच्या द्रावणात घातली. यासाठी स्कॉटचं द्रावण केलं होतं: एक लिटर पाण्यात साडेतीन ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि वीस ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. मिनिटभरात शेवयांसारखे ते चार धागे आमसुलीचे निळे झाले. पुन्हा इओसिन देऊन, माउंट करून मॅडमच्या टेबलावर ठेवली.

त्या बराच वेळ पाहत होत्या. एका हातानं मोजणीयंत्राची टिकटिक चालू होती. मायटोसिस मोजत होत्या. दुपारी सही झाली. बाईंचे मिस्टर शुक्रवारी आले तेव्हा लिफाफा मीच नेऊन दिला. आत काय लिहिलंय ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्यांनी उशिराबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

प्रश्न तिथे संपला असं वाटलं होतं. पुढच्याच आठवड्यात मॅडमचा शेरा आला: 'न्यूक्लिअस सुरेख, इओसिन फिकं.' हे आम्हीच ओढवून घेतलेलं होतं. इओसिनला आम्लपणा आवडतो, त्याचा पीएच साडेचार ते पाचच्या आसपास हवा. आम्ही स्कॉटच्या द्रावणातून स्लाइड काढून जेमतेम विसळून इओसिनमध्ये घालत होतो. प्रत्येक रॅकबरोबर थोडा सोडा इओसिनमध्ये जात होता आणि दिवस सरता सरता रंग पकड सोडत होता. सकाळच्या स्लाइड ठीक, दुपारच्या फिक्या, यावरून ते लक्षात आलं. उपाय दोन: स्कॉटनंतर पाण्यात पुरती तीन-चार मिनिटं, आणि इओसिनमध्ये ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडचे थोडे थेंब. इओसिन नीट बसलंय का हे पाहायची मॅडमची पद्धत मला फार आवडते. त्या गुलाबी किती आहे ते बघत नाहीत, गुलाबीच्या छटा मोजतात. लाल रक्तपेशी, स्नायू आणि कोलॅजन, तिघांचा गुलाबी वेगवेगळा दिसला पाहिजे. एकसारखा दिसला तर कितीही गडद असला तरी उपयोग नाही.

जुलैत पाऊस लागला आणि स्लाइडवर धुकं आलं. सगळं निळं, गुलाबी जिथल्या तिथे, पण पावसात चष्मा लावून पाहावं तसं. या वेळी मी हिमॅटॉक्सिलिनला हात लावला नाही. आधी जार पाहिले. शेवटच्या झायलीनच्या जारला दुधट झाक होती, म्हणजे पाणी पुढे येत होतं. ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये पांढरं, निर्जल कॉपर सल्फेट टाकलं, ते निळं पडलं. दमट हवेत झाकण उघडं राहिलं की अल्कोहोल ओलावा ओढून घेतं, आणि पावसाळ्यात आमची झाकणं दिवसभर उघडीच असायची. जार बदलले, झाकणं ठेवायची सवय लावली. आता कॉपर सल्फेटची पुरचुंडी जारच्या तळाशी कायम असते. एका सकाळचं काम.

मात्र एका गोष्टीला आमच्याकडे उत्तर नाही, आणि तिचा मला मनापासून राग येतो. बाहेरच्या एका रुग्णालयातून काढलेलं अख्खं गर्भाशय एकदा निमुळत्या तोंडाच्या बाटलीत कोंबून आलं, फॉर्मॅलिन जेमतेम बोटभर. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं, आणि ते आत शिरतं अगदी सावकाश, पहिल्या तासात साधारण एक मिलिमीटर. मोठा अवयव न चिरता तसाच ठेवला तर बाहेरचा थर टिकतो आणि आतला भाग फॉर्मॅलिन पोचायच्या आत स्वतःच्याच एन्झाइमनी विरघळायला लागतो. ते गर्भाशय चिरलं तेव्हा मधोमध करडा, मऊ गाभा होता. त्याची स्लाइड पाहून नवख्या माणसानं हिमॅटॉक्सिलिनलाच दोष दिला असता, कारण केंद्रकं फिकी आणि पुसल्यासारखी होती. पण तिथे रंग घ्यायला केंद्रकच उरलं नव्हतं. स्कॉटचं द्रावण, नवं इओसिन, काही करा, ते परत येत नाही. मी त्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरना फोन करून सांगितलं, मोठ्या तोंडाची बरणी पाठवते, अवयव मधोमध उघडा आणि बुडेल इतकं फॉर्मॅलिन ओता. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या दोन वेळा बरणी भरून आली, तिसऱ्या वेळी पुन्हा तीच बाटली. मी पुन्हा फोन केला. करत राहीन.

आरओ मशीन आम्ही काढलं नाही. द्रावणं करायला, शेवटची काच धुवायला ते चांगलं आहे. ब्लूइंगला मात्र स्कॉटचं द्रावण, रोज ताजं. हिमॅटॉक्सिलिनचा थेंब आता सोड्याच्या पाण्यात सोडतो. आणि रोज पहिल्या रॅकमध्ये अपेंडिक्सची एक स्लाइड जाते, रुग्णाच्या स्लाइडच्या आधी. काकांनी त्यासाठी एक ब्लॉक वेगळा काढून त्यावर पेन्सिलनं 'पहिला मान' असं लिहून ठेवलंय.

आजही गुरुवार होता. सकाळी कुठल्याशा दुरुस्तीसाठी नळ कोरडे होते, मावशींनी बादल्या भरून ठेवल्या होत्या. अपेंडिक्स रंगवून मी मॅडमकडे नेली. मायक्रोस्कोपखाली घालण्याआधी त्या नेहमी काच खिडकीच्या उजेडात धरतात. तशी धरली, मग लेन्सखाली थोडा वेळ फिरवली.

"हं," त्या म्हणाल्या, "घे पुढच्या."